शेऱ्याचा रकाना

गुरुवारी बँकेतून खोकं येतं.
पन्नास गुंडाळ्या, अडीच हजार सेंट,
सहा किलोंहून जड.
काउंटरवरून ते सरकवताना मरिसेला विचारते,
मागचे परत आणलेत ना, मोजून?
व्हर्नर मान डोलावतो.
न मोजता त्यानं आयुष्यात काही परत केलेलं नाही.

गेल्सबर्गचा जानेवारी. खिडकीला आतून बर्फ.
स्वयंपाकघरातलं टेबल मी केव्हाच सोडून दिलंय,
सूप आम्ही वाडगा मांडीवर घेऊन पितो.

दिवा डावीकडून, तिरका.
भिंग दहापटीचं.
नाणं कडेनं धरायचं, चेहऱ्यावर बोट नाही.
पहिल्या हिवाळ्यात मी म्हटलं होतं,
यात एवढं काय, ओरखडा आहे,
कुणाच्या तरी खिशातल्या किल्लीचा.
तो म्हणाला, मार्टा, नख फिरव.
ओरखड्यात नख उतरतं.
इथे ते चढलं.

नाण्याला भेग नसतेच मुळी.
भेग असते ठशाला,
आपटून आपटून दमलेल्या पोलादाला.
दाबाखाली धातू त्या फटीत शिरतो,
आणि तिकडे जे खोल, ते इकडे उंच.
मारणाऱ्याची जखम
मार खाणाऱ्याच्या अंगावर वळ होऊन उठते.
(हे माझं वाक्य. त्याच्या वहीत असलं काही नसतं.)

त्याच्या वहीत असतं:
केसाएवढी, कडेपासून कपाळापर्यंत.
दाढीतून गेलेली, दोन फाटे.
आरपार, काठापासून काठापर्यंत, मानेतून.
बी आणि ईच्या मधे कणी उडालेली,
म्हणून तिथे एक जास्तीचं अक्षर असल्यासारखं.
आणि ठशाचा काठच निखळला
तर नाण्यावर नुसता गुळगुळीत फुगवटा,
ना अक्षर, ना साल.
या छंदातली माणसं त्याला
गाईच्या तोंडातला रवंथाचा गोळा म्हणतात.

पण त्याचा जीव आहे तो निराळ्याच जातीवर.
तुकडा तुटलाय, पडलेला नाही.
भोवतीच्या कड्यानं धरून ठेवलाय.
अक्षरं आपापल्या जागी,
फक्त किंचित उंच, किंचित सरकलेली,
भूकंपानंतर घरं उभी असावीत तशी.
अशी तीनच आहेत त्याच्याकडे.
विकणार का, असं एकानं फोनवर विचारलं
तेव्हा त्यानं हवामानाविषयी बोलून फोन ठेवला.

एकतीस वर्षं तो रुळांमधल्या भेगा शोधायचा.
रुळांवरून हळू चालणारी गाडी, पडद्यावर थरथरणारी रेघ.
तिथे भेग मखमलीवर ठेवत नाहीत.
लाल रंग मारायचा, कापायचा, बदलायचा.
एका ऑक्टोबरात त्यानं एक रेघ पाहिली
आणि लिहिलं, वरवरचा ओरखडा.
नवव्या दिवशी मक्याचे चौदा डबे
ओढ्याच्या काठावर आडवे.
कुणी मेलं नाही.
चौकशीत म्हणाले, नियमात बसत होतं.
रानबदकं आठवडाभर मका खात होती
आणि हा रोज संध्याकाळी गाडी काढून
ती बदकं बघायला जायचा.

त्याविषयी आम्ही बोललेलो नाही.
परवा तो दातांच्या डॉक्टरकडे गेला होता,
तेव्हा धूळ पुसताना वही उघडी होती.
साल, टांकसाळ, बाजू, दिशा, लांबी.
आणि शेवटी शेऱ्याच्या रकान्यात,
प्रत्येक नाण्यापुढे, बारा वर्षांची पानंच्या पानं,
त्याच त्या अक्षरात:
ओरखडा नाही. दोनदा पाहिलं.

मी वही होती तशीच ठेवली.
पुसलेल्या जागेवर थोडी धूळ परत टाकता आली असती तर बरं.

आज रात्री त्यानं मला हाक मारली.
एकाच ठशाची दोन नाणी होती त्याच्याकडे,
भेग नुकती फुटलेली आणि भेग पार झालेली.
मधलं सापडलं.
नख फिरव, म्हणाला.
नखं मी सकाळीच कापलेली.
मग अंगठा, म्हणाला. जाणवतंय?
मला काहीच जाणवलं नाही.
हो म्हणाले.

तेवढ्यात पावणेबाराची मालगाडी आली.
कपाटातल्या बश्या किणकिणल्या,
नाण्यांचे मनोरे हलले, एक ढासळला.
त्यानं तो सावरला नाही.
भिंग हातात तसंच,
मान एका बाजूला कलती करून
शेवटचा डबा जाईपर्यंत
मोजत बसला.